बाल्कनीतल्या दोघी सुना

उस्ताद बहजत यांनी आपली एकुलती एक मुलगी लमीस हिचा हात राइफच्या हातात दिला. तोही लिफ्टमध्ये उभं राहून, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लोंबकळत, वरच्या वीतभर फटीतून.

असं काही झालेलं नाही.

इमारतीच्या समितीने तसा ठरावच केला आहे: लिफ्ट बंद आहे, बंद लिफ्टमध्ये माणूस अडकू शकत नाही, सबब कुणी अडकलं नव्हतं. साक्षीदार म्हणून खाली उस्ताद बहजत यांचीच सही आहे. तेव्हा आपणही ते डोक्यातून काढून टाकू आणि जिथून सुरू करायला हवं तिथून सुरू करू, म्हणजे बॅटऱ्यांपासून.

राइफ आईबरोबर त्रिपोलीच्या मीना भागात राहायचा, बंदरापासून दोन गल्ल्या आत, पाचव्या मजल्यावर. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. सरकारी वीज यायची ती बड्या पाहुण्यासारखी. कधी येईल याचा नेम नाही, आली की सगळी गल्ली उठून उभी राहायची, आणि बूड टेकायच्या आत ती निघायची. दुपारी मोहल्ल्याचा जनरेटर चालायचा. तेवढ्या वेळात बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि संध्याकाळी त्यांच्यावर घर ढकलायचं, हा मीनातला शिरस्ता.

राइफच्या बॅटऱ्या दोन. आत शिसं, तेजाब आणि पाणी, आणि वजनाला एकेक म्हणजे एखादा मध्यम बांध्याचा काका. दुकानातल्या मित्राला पकडून त्याने त्या दोराच्या झोळीत घालून जिन्याने वर आणल्या होत्या. चौथ्या मजल्यावर दोघं धापा टाकत बसले, तेव्हा तिथल्या नाझिकखालाने दार किलकिलं केलं.

"कोण गेलं रे?"

"बॅटरी आहे, खाला."

"अल्ला तिला उदंड आयुष्य देवो," असं म्हणून नाझिकखालाने दार लावून घेतलं.

बॅटरी सांभाळणं सोपं असतं असं म्हणणाऱ्याच्या घरी बॅटरी नसते. ती लाकडी फळीवर ठेवायची, थेट फरशीवर नाही. डोक्यावर सावली हवी आणि चारी बाजूंनी वारा हवा, कारण भरताना ती जी हवा सोडते ती पेट घेते, म्हणून आसपास सिगारेटचं नावही काढायचं नाही. टोकांवर निळसर पांढरी खरूज धरते, ती खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवायची आणि वर व्हॅसलीन चोपडायचं. झाकणं काढून पाणी बघायचं. शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्या की मेलात. पाणी घालायचं तेही पोट भरल्यावर, आधी घातलं तर उतू जातं. आणि कितीही सांभाळा, तेजाबाचा एखादा थेंब उडतोच. तेव्हा कळत नाही, कळतं पँट धुतल्यावर. मीनात मुलीचे आईबाप स्थळ बघायला आले की आधी मुलाचे गुडघे बघतात. गुडघ्याची चाळणी झालेली असली म्हणजे घरात उजेड आहे.

राइफची आई इन्साफ हिला बॅटऱ्या आल्या त्या दिवसापासून आवडल्या. तिने दोघींना क्रोशाची लोकरी झबली विणली.

"यम्मा, काढ ती. त्यांचा जीव गुदमरेल."

"समुद्राचा वारा आहे रे बाल्कनीत."

"त्यांना वाराच हवा असतो."

"आत्तापासून सुनांची बाजू घेतोस!"

तेव्हापासून त्या सुना झाल्या. डावीकडची सारखं पाणी मागायची म्हणून तहानी, उजवीकडची उन्हाळ्यात तापायची म्हणून रुसकी. "दोघी दिवसभर बाल्कनीत बसून असतात," इन्साफ शेजारणींना सांगायची, "हलवायला गेलं तर चार माणसं लागतात, आणि काम काय ते संध्याकाळी. पण तोंड वर करून बोलत नाहीत." मग राइफकडे वळून म्हणायची, "आता हातपाय असलेली एक आण बाबा."

हातपाय असलेली राइफने हेरून ठेवली होती. लमीस चष्म्याची काडी दुरुस्त करायला दुकानात आली होती. नंतर ती काडी आठवड्यातून दोनदा मोडायला लागली, तेव्हा दुकानाच्या मालकालाही विषय समजला. लमीस संगणकावरून शिकवायची. तिचे विद्यार्थी ब्राझीलमधले, इथून गेलेल्यांची नातवंडं. त्यांना आपल्या आज्यांशी फोनवर बोलता यावं एवढी अरबी त्यांच्या आईबापांना हवी होती. तिकडे दुपारी शाळा सुटायची, तेव्हा इकडे मगरिबची बांग होऊन अंधार पडायचा. म्हणजे लमीसचा सगळा धंदा अंधार पडल्यावरचा.

"मी तुझ्याशी अंधारातही लग्न करेन," ती राइफला म्हणाली होती, "पण साओ पावलोला ते दिसणार नाही."

अडचण होती तिच्या वडिलांची. उस्ताद बहजत शाळातपासनीस म्हणून निवृत्त झाले होते, पण तपासणी निवृत्त झाली नव्हती. ते भाजी तपासायचे, शेजाऱ्यांचे जोडे तपासायचे, लग्नाच्या जेवणात भाताला शेरा द्यायचे. राहिलेल्या वेळात निरनिराळ्या सरकारी खात्यांना अर्ज करायचे. एकाही अर्जाला उत्तर आलेलं नव्हतं आणि याचा अर्थ ते 'विचाराधीन' असा लावायचे. त्यांनी राइफला निरोप धाडला: एका संध्याकाळी मी तुमच्या घरी येईन, लमीस तिथे बसून शिकवेल. मगरिबपासून तिचा शेवटचा तास संपेपर्यंत दिवा एकदाही गेला नाही तर मुलगी तुमची. गेला तर आपली ओळख नाही.

राइफ तसा हसतमुख. निरोप वाचल्यापासून मात्र तो चष्म्याच्या काचा उलट्या बसवायला लागला होता. बॅटऱ्या त्याच्या भरवशाच्या होत्या, पण पाणी भरवशाचं नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं 'बॅटरीचं पाणी' परवाच त्याने उकळून बघितलं होतं, तर किटलीत पांढरा थर धरला. म्हणजे ते नळाचं होतं.

त्या दिवशी सकाळी कामाला निघताना त्याने आईला बजावलं.

"जनरेटर बंद झाला की दोघींत पाणी घाल. खुणेच्या वर जाऊ देऊ नकोस. हातमोजे घाल. फार्मसीतून दोन बाटल्या आण, कोपऱ्यावरचं नको."

"पाण्यात असं काय असतं?"

"काही नसतं, यम्मा. तेच तर. उकळून वाफ केलेलं, वाफ गार करून थेंबथेंब गोळा केलेलं पाणी असतं ते. त्याहून शुद्ध पाणी जगात नाही."

"हे तू मला सांगतोस?" इन्साफ म्हणाली.

राइफने हे ऐकलं, पण त्यावर विचार केला नाही. विचार करायला हवा होता. कारण एप्रिल चालू होता, आणि इन्साफच्या स्वयंपाकघरात तिच्या आजीची तांब्याची करका स्टोव्हवर चढलेली होती: खाली हंडा, वर घुमट, घुमटाला लांब नाक. हंड्यात कडू नारिंगाची फुलं आणि पाणी घालून मंद आच द्यायची, की नाकाच्या टोकातून फुलांचं पाणी थेंबथेंब बाटलीत उतरतं. मीनातली प्रत्येक आई हे पाणी ओळखते आणि प्रत्येक आईला वाटतं की आपलंच खरं. मिठाईत हेच, मूर्च्छा आली तर हेच, आणि जेवणानंतर पाहुण्याला द्यायच्या पांढऱ्या कॉफीतही हेच. पांढऱ्या कॉफीत कॉफी नसते. कढत पाणी आणि फुलांच्या पाण्याचे थोडे थेंब, एवढीच ती.

संध्याकाळी राइफ घरी आला, झाकणं काढून बघितली. पाणी अगदी खुणेला. घरभर नारिंगाच्या फुलांचा घमघमाट होता, पण एप्रिलमध्ये तो असतोच. तो खूश झाला, अंघोळ केली आणि भोकं नसलेली एकुलती एक पँट घातली.

मगरिबच्या सुमाराला उस्ताद बहजत लमीसला घेऊन जिना चढून आले. दारात थांबून त्यांनी श्वास घेतला आणि शेरा दिला.

"जिना: असमाधानकारक."

"या, उस्ताद, या! पाय लागले घराला," इन्साफ म्हणाली.

"सित्त इन्साफ, पाय अजून दुसऱ्या मजल्यावर आहेत. येतील मागाहून."

ते बसले. त्यांनी राइफचे गुडघे बघितले.

"भोकं नाहीत."

"नवी पँट आहे, अम्मो," राइफ म्हणाला. अम्मो म्हणजे काका.

"म्हणजे लपवाछपवी."

लमीसने आतल्या खोलीत संगणक मांडला. दार उघडं ठेवलं, बापाला दिसावं म्हणून. तिकडून पोरांचा कालवा ऐकू आला. राइफने दिवे बॅटरीवर घेतले. जनरेटर बंद, सरकार बेपत्ता, आणि घर लखलखीत. उस्ताद बहजत यांनी खुर्ची फिरवली आणि इंटरनेटच्या डब्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे तोंड करून बसले, जणू आता तो काहीतरी कबूल करणार होता.

तिखट मासा झाला, भात झाला. "मासा: समाधानकारक," उस्ताद म्हणाले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला. लमीसचा पहिला तास संपला, दुसरा सुरू झाला. ठिपका हिरवाच होता. राइफच्या जिवात जीव आला. मग इन्साफने पांढरी कॉफी आणली.

उस्ताद बहजत यांनी घोट घेतला, थांबले, कपात बघितलं आणि पुन्हा घोट घेतला.

"सित्त इन्साफ, हे काय आहे?"

"पांढरी कॉफी."

"हे गरम पाणी आहे."

"फार शुद्ध आहे हो," इन्साफ जरा ओशाळून म्हणाली. "फार्मसीतलं. त्याहून शुद्ध पाणी जगात नाही म्हणे."

राइफ ताडकन उठला.

"यम्मा, ते बॅटरीचं पाणी होतं."

"माहीत आहे. सीलबंद बाटली, लांबच्या कारखान्यातली. कुणी कशी वाफ काढली देव जाणे. असलं पाणी मी माझ्या सुनांना घालू? म्हटलं टाकण्यापेक्षा पाहुण्यांना चालेल."

"मग बॅटऱ्यांत काय घातलंस?"

"उकळलेलं, वाफ केलेलं, थेंबथेंब गोळा केलेलं," इन्साफ छाती पुढे काढून म्हणाली. "पहिल्या धारेचं! या वर्षीचं सगळं संपलं, म्हणून तर उस्तादांच्या कॉफीत टाकायला थेंब उरला नाही."

बाल्कनीतून वाऱ्याची झुळूक आली, आणि तिच्याबरोबर नारिंगाच्या बागेचा असा दरवळ आला की उस्ताद बहजत यांनी नकळत डोळे मिटले. मग उघडले.

"म्हणजे मी जे प्यायलो," ते सावकाश म्हणाले, "ते बॅटरीचं."

"हो, अम्मो."

"आणि बॅटरी जे प्यायली ते माझं."

"हो, अम्मो."

"मी असंख्य शाळा तपासल्या. एका शाळेत गाढव वर्गात बांधलेलं होतं. पण हे..." त्यांनी बाल्कनीकडे हात केला. "अत्तर लावलेली बॅटरी कधी बघितली नाही. ती टिकणार नाही. नापास."

"बाबा, दिवा अजून गेलेला नाही," आतून लमीसचा आवाज आला.

"जाईल."

"मग गेल्यावर नापास करा ना! अर्ध्या पेपरला कोण गुण देतं?"

तपासनिसाला हा मुद्दा पटला. ते पुन्हा टेकणार, एवढ्यात सबंध गल्लीतून आरोळी उठली. "आलीऽऽ!"

सरकारी वीज आली होती. चारी बाजूंनी पाण्याचे पंप घुरघुरायला लागले, धुण्याची यंत्रं थरथरायला लागली, कुणाची तरी बंद करायची राहिलेली इस्त्री तापली. राइफच्या घराचे दिवे आपोआप सरकारवर गेले. उस्ताद बहजत टोपी उचलून उभे राहिले.

"आता हा उजेड सरकारचा, तुझा नाही. परीक्षा रद्द. लमीस, तास संपला की खाली ये, मी थांबतो."

"अम्मो, दोन मिनिटांत जाईल ही वीज, तुम्ही बसा तर."

पण जिन्यावरून घरघर ऐकू आली. लिफ्ट जिवंत झाली होती. उस्तादांनी तिचं दार उघडलं. आत दिवा होता, आरसा होता, आणि कधीकाळी कुणीतरी वर न्यायला ठेवलेली प्लास्टिकची खुर्चीही होती.

"अम्मो, लिफ्ट नको! पाया पडतो."

"पोरा, मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे," उस्ताद बहजत आत शिरत म्हणाले. "सरकार मला अर्ध्यावर सोडणार नाही."

सरकारने त्यांना अर्ध्यावर सोडलं. बारकाईने पाहिलं तर अर्ध्याच्या जरा वर.

लिफ्ट थांबली तशी गल्लीही गप झाली. पंप मेले. राइफच्या घरातले दिवे मात्र पापणीही न लववता पुन्हा दोघी सुनांवर आले. पण ते बघायला तपासनीस जागेवर नव्हते.

राइफ जिना उतरून चौथ्या मजल्यावर धावला. लिफ्टचं दार उघडेना. मागून आलेल्या इन्साफने क्रोशाची सुई काढली, दाराच्या कडेला खुपसली आणि आतली कडी ओढली. दार उघडलं. लिफ्टचं छत त्यांच्या पायांपेक्षा वीतभर वर होतं. त्या फटीतून कॉफीचा कप गेला असता, तपासनीस आला नसता.

"अम्मो, बरे आहात ना?"

आतून अगदी बारीक आवाज आला, शेरा नसलेला.

"इथे अंधार आहे."

तोवर लमीसही पोहोचली होती. संगणक हातातच, पडद्यावर ब्राझीलची पाच पोरं वाकून बघत होती. तिने राइफला बाजूला ओढलं.

"ऐक. त्यांना अंधार सहन होत नाही. लढाईचे दिवस तळघरात काढलेत त्यांनी. घरी रात्रभर दिवा लागतो. ती अट सगळीच माझ्या तासांसाठी नव्हती."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तपासनीस घाबरतो हे कुणी सांगतं का?"

राइफ उलट वर धावला. घरातली लांब वायर काढली, टोकाला बल्ब लावला आणि जिन्यावरून खाली सोडली. लमीसने जमिनीवर पालथं पडून बल्ब फटीतून आत लोंबता केला. आतून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"खुर्ची: समाधानकारक," उस्ताद म्हणाले. ते बसले असावेत.

"तू वर जा, तास घे," राइफ लमीसला म्हणाला. "मी बघतो."

"आणि हे?"

"हे बॅटरीवर आहेत."

बोलून गेला खरा. बाल्कनीत जाऊन विजेरीच्या उजेडात तहानीचं एक झाकण काढलं, तर आत साबणासारखा फेस. तेजाब आणि फुलं यांचं काही केल्या पटत नव्हतं. रुसकीच्या अंगाला हात लावला, ती कोमट होती. वासाने मात्र स्वर्ग. राइफने मनातल्या मनात हिशेब मांडला आणि तो पुरेना. फ्रिज बंद केला. बैठकीचे दिवे बंद केले, स्वयंपाकघर, न्हाणीघर, मोबाइलचे चार्जर, घंटी, सगळं काढलं. शेवटी पाचव्या मजल्यावरच्या मिट्ट घरात फक्त लमीसच्या टेबलावरचा दिवा उरला, तिचा संगणक आणि हिरव्या ठिपक्याचा डबा. आणि खाली भोकात एक बल्ब. यातलं काहीही विझलं तर राइफचं लग्न विझणार होतं. कुठलं आधी, एवढाच प्रश्न होता.

इन्साफ अंधारात चाचपडत बाल्कनीत आली.

"मी वाईट केलं का रे?"

"हो, यम्मा."

"चांगलं पाणी होतं."

"चांगलंच होतं. म्हणूनच."

तिने तहानीच्या अंगावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्या आजीची करका आहे, बाई. मान राख." राइफला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. दोन्ही एकदम जमेना म्हणून तो लिफ्टची चावी शोधायला गेला.

लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत होतं. तिथलं चाक हाताने फिरवलं की लिफ्ट हलते. खोलीला कुलूप होतं आणि चावी समितीच्या अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष मॉन्ट्रियलमध्ये. जाताना चुकून खिशात राहिली म्हणे. कुलूप तोडायला समितीचं बहुमत लागायचं. समिती पाच जणांची: इन्साफ, नाझिकखाला, आणि परदेशी गेलेले तिघे, ज्यांना आता सगळे त्यांच्या शहराच्या नावानेच ओळखतात: मॉन्ट्रियल, आबिजान आणि स्टॉकहोम. नाझिकखालाने चौथ्या मजल्यावर खुर्ची टाकून फोनवर तातडीची सभा भरवली.

"मी हो म्हणते," नाझिकखाला म्हणाली. "इन्साफ हो म्हणते. आबिजान?"

आबिजानने अंगठ्याचं चित्र पाठवलं, पण पाठोपाठ मिटवलं.

"अडकलेला रहिवासी आहे की पाहुणा?" मॉन्ट्रियलने विचारलं.

"होणारा व्याही आहे!"

"मग नियमात बसत नाही. होणारा म्हणजे झालेला नाही."

स्टॉकहोमचं म्हणणं आणखी निराळं होतं. लिफ्ट वापरू नये असा ठराव आहे. कुणी अडकल्याचं मान्य केलं तर ठराव मोडल्याचं मान्य होईल. कुलूप तोडा, पण आत कुणी नव्हतं असं लिहा.

"पण मी आत आहे!" फटीतून उस्तादांचा आवाज आला.

"तो कोण बोलला?" स्टॉकहोमने विचारलं.

"कुणी नाही," नाझिकखाला म्हणाली. "मंजूर."

राइफ हातोडी घेऊन गच्चीकडे निघाला, तेव्हा उस्ताद बहजत यांनी हाक मारली.

"पोरा, थांब. इथून वरचा जिना दिसतो. वर अंधार का आहे? बॅटरी गेली?"

"नाही, अम्मो. बाकी सगळं मी बंद केलंय. आता घरात दोनच दिवे आहेत. एक लमीसचा, एक तुमचा."

"आणि तू?"

"मला काय, मला बॅटऱ्यांची भोकं अंधारातही सापडतात."

बल्ब हलला. त्याच क्षणी तो जरा पिवळा झाला, मंद झाला. बल्ब तसाच राहिला, विझला नाही. जिन्यातून नारिंगाच्या फुलांचा वास सावकाश खाली उतरत होता.

मग वरून लमीसचा आवाज आला, मोठा आणि स्वच्छ. "आजचं वाक्य म्हणा सगळ्यांनी: आजोबा लिफ्टमध्ये अडकले, पण दिवा चालू आहे." आणि साओ पावलोहून पाच पोरांनी ते एका सुरात म्हटलं. पाठोपाठ संगणक मिटल्याचा आवाज झाला. शेवटचा तास संपला होता.

लमीस धावत खाली आली. उस्ताद बहजत खुर्चीवर उभे राहिले असावेत, कारण फटीत आधी टोपी आली, मग दोन डोळे, मग हात.

"मुलीचा हात कुठे आहे?"

लमीस पुन्हा पालथी पडली. त्यांनी तिचा हात धरला, चाचपत राइफचा हात शोधला आणि एकावर एक ठेवला.

"बाबा, इथे काय? बाहेर आल्यावर करा की नीट!"

"बाहेर आल्यावर माझा विचार बदलेल," उस्ताद म्हणाले. "मी स्वतःला ओळखतो. पण पोरा, एक सांग. माझ्या कपातलं तरी खरंच पाणीच होतं ना?"

"अगदी शुद्ध, अम्मो."

"तरीच. पोट फार हलकं वाटतंय."

नाझिकखालाने दोन बोटं ओठांशी नेऊन, जीभ हलवत, बायका लग्नात देतात ती ललकारी इतकी दणदणीत दिली की मॉन्ट्रियलने फोनवर विचारलं, आता काय पडलं?

गच्चीवर राइफने कुलूप तोडलं, आधी लिफ्टचा मोठा खटका खाली पाडला, न जाणो सरकारला पुन्हा उमाळा आला तर. मग पकड सोडवून चाकाला हात घातला. उस्तादांना खाली जायचं होतं. पण एकटा माणूस बसलेल्या लिफ्टपेक्षा दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकवलेलं वजनच जड असतं, त्यामुळे लिफ्ट आपली वर निघाली. चौथा गेला, नाझिकखालाने टाटा केला. उस्ताद बहजत उजळलेल्या पेटीत खुर्चीवर बसून सावकाश पाचव्या मजल्यावर प्रकट झाले, थेट इन्साफच्या दारासमोर. ती तोवर उरलेल्या फुलांचा पुन्हा काढा करून, दुसऱ्या धारेचं पाणी घालून खरी पांढरी कॉफी घेऊन उभी होती.

"कॉफी: उत्तम," उस्ताद म्हणाले. सबंध कारकिर्दीत हा शेरा त्यांनी कुणालाच दिलेला नव्हता.

दोघी सुना अजून आहेत. राइफने दुसऱ्या दिवशी फेस काढून टाकला, फार्मसीतलं पाणी स्वतःच्या हाताने घातलं. तहानी पूर्वीपेक्षा लवकर थकते, रुसकी मात्र उलट खुलली आहे, आणि दोघी भरत असल्या की खालच्या गल्लीतले लोक मान वर करून विचारतात, कुणाच्या घरी लग्न आहे? पुढच्या महिन्यात खरंच आहे. उस्ताद बहजत यांनी त्यासाठी नेहमीच्या खात्याला अर्ज केला आहे. तो विचाराधीन आहे.

"मा. महोदय,

सविनय विनंती करण्यात येते की, अर्जदाराच्या कन्येच्या विवाहाच्या दिवशी, वधू, तिची आत्या, मिठाईची परात आणि अर्जदार यांना तळमजल्यावरून पाचव्या मजल्यावर नेण्याकरिता एक लिफ्टभर वीज मंजूर करण्यात यावी. वीज येण्यापूर्वी तिने दार वाजवावे. आल्यावर बसावे. उठण्यापूर्वी निरोप घ्यावा. चौथ्या मजल्यापर्यंतची वीज पाठविल्यास ती स्वीकारली जाणार नाही व पाठविणाराच्या खर्चाने परत करण्यात येईल. सदर लिफ्टमध्ये यापूर्वी कुणीही अडकलेले नाही, याची अर्जदारास व्यक्तिशः कल्पना आहे.

वीज उपलब्ध नसल्यास तसे विवाहापूर्वी लेखी कळवावे, म्हणजे श्रीमती इन्साफ यांना बॅटऱ्यांकरिता फुले वेळेवर आणता येतील."